डार्विनने खोडलेलं अस्वल

एका व्याख्यानमालेत एका नामांकित वक्त्यांनी डार्विनला दहा मिनिटांत निकालात काढलं. त्यांचा हुकमाचा एक्का असा: अस्वल पोहता पोहता देवमासा झालं असं या गृहस्थाने लिहिलं, लोक हसले तशी पुढच्या आवृत्तीत ती ओळ गुपचूप गाळली; ज्याची स्वतःच्याच पुस्तकावर श्रद्धा नाही त्याच्यावर आपण कशाला ठेवायची? सभागृहात हशा पिकला. हशा पिकला की मुद्दा सिद्ध झाला, असं मानायची आपली जुनी खोड आहे. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता, तो कधीच उरत नाही, म्हणून हे लेखी उत्तर.

वक्त्यांचं विधान निम्मं खरं आहे, आणि त्यामुळेच जास्त उपद्रवी. नोव्हेंबर १८५९मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघालं. पहिल्या आवृत्तीच्या १८४व्या पानावर हे अस्वल खरोखरच आहे. सॅम्युअल हर्न नावाचा हडसन्स बे कंपनीचा एक प्रवासी अठराव्या शतकात कॅनडाच्या उत्तरेत भटकला होता. काळी अस्वलं तोंड वासून पाण्यात पोहत किडे टिपतात, हे त्याने टिपून ठेवलं होतं. डार्विनने ती नोंद उचलली आणि पुढे एक ‘जर’ जोडला. असे किडे सतत मिळत राहिले आणि या धंद्यात आधीपासून कोणी तरबेज प्रतिस्पर्धी नसला, तर अस्वलांचा एखादा वंश पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक जलचर होत जाईल, तोंड वाढत जाईल, आणि शेवटी देवमाशासारखा अजस्र प्राणी तयार व्हायला आपल्याला काही अडचण दिसत नाही, असा त्याचा आशय. देवमाशा‘सारखा’. आजचे देवमासे अस्वलापासून झाले असं तो कुठेही म्हणत नाही. पण ‘जर’ आणि ‘सारखा’ हे शब्द टाळ्यांच्या कडकडाटात टिकत नाहीत.

टीकाकार तुटून पडले. ‘डायनोसॉर’ हा शब्द जगाला देणारे रिचर्ड ओवेन त्यात होतेच. १८६०च्या जानेवारीत दुसरी आवृत्ती आली तेव्हा हर्नचं अस्वल जेमतेम पोहत राहिलं होतं, पुढची कल्पना गायब. मात्र त्याच वर्षी हार्वी या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात डार्विन सांगतो की लोकांना बोचलं म्हणून काढलं, पण अस्वलाचं तोंड त्याच्या बदलत्या सवयींना उपयोगी पडेल तितकं वाढण्यात खास अडचण नाही, हे मत कायम आहे. म्हणजे मत जाहीर बाजारातून उचललं आणि खासगी कपाटात ठेवलं. माझी डार्विनवर तक्रार आहे ती इथे. त्याचा दोष ओळ लिहिण्यात नव्हता, खोडण्यात होता. त्याने ती छातीठोकपणे राहू दिली असती, तर आज आमच्या वक्त्यांना दुसरा विनोद शोधावा लागला असता.

गंमत अशी की तोंडाबद्दलचं त्याचं म्हणणं तपासायला कॅनडाला जायची गरजच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मेळघाटात, ताडोबात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जे आपलं साधं अस्वल फिरतं, त्याचं तोंड उघडून बघावं (अर्थात मेलेल्याचं, जिवंत अस्वलाशी असले प्रयोग करू नयेत). वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात नाहीतच. तिथे खिंड आहे. टाळू आत खोलगट, ओठ लांब आणि हवे तसे पुढे काढता येणारे, नाकपुड्या मनात आलं की मिटणाऱ्या. अस्वल वारूळ नखांनी फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटतं आणि त्या खिंडीतून वाळवी फुर्रकन ओढून घेतं. तो आवाज रानात दूरवर ऐकू येतो. हा अवतार इतका चमत्कारिक की १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नखं आणि दातांची खिंड पाहून याला अस्वल मानलंच नाही. दक्षिण अमेरिकेत झाडांना उलटे लटकणारे जे स्लॉथ, त्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. इंग्रजीत त्याच्या नावामागे स्लॉथ लागला तो कायमचाच. किडे खाण्यासाठी ज्याचं तोंड पार बदलून गेलं असं अस्वल डार्विनला कल्पनेत दिसलं; ते विदर्भात मोहाची फुलं वेचत होतं.

आणि देवमाशाचं काय? तो खुराच्या प्राण्यांकडून आला, अस्वलांकडून नव्हे. त्याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातला, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञाने तिथून जीवाश्मांचे दगड आणून ठेवले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते हान्स थेविसेन या संशोधकाकडे सोपवले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं असं हाड दिसलं, जे देवमाशाच्या कुळातच आढळतं. २००७ साली हे जाहीर झालं. प्राण्याचं नाव इंडोहायस, आकार मांजरापेक्षा फार मोठा नाही, वय सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षं. आपल्या प्राचीन ज्ञानाचा अभिमान बाळगणाऱ्या वक्त्यांना रंगा राव ठाऊक नसावेत, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर आमच्या पुरोगामी मित्रांनी पाठ थोपटली असती. पण अस्वलं त्यांनाही सुखाने बसू देत नाहीत. त्यांच्या प्रत्येक पोस्टरवर एक झाड असतं. खोड, फांद्या, डहाळ्या. फांदी एकदा फुटली की परत खोडाशी संबंध नाही. ‘ओरिजिन’मधली एकुलती एक आकृतीही तशीच फाटे फुटत जाणारी आहे. मीही आतापर्यंत मनात तेच झाड धरून बोलत होतो: साधारण २ कोटी वर्षांपूर्वीचं लहानशा कुत्र्याएवढं उर्सावस हे नामशेष अस्वल बुंध्याजवळ, आणि आजच्या आठ जाती शेंड्यांवर. पण अस्वलांच्या हाडांतला डीएनए वाचायला लागल्यावर हे चित्र मोडतं.

ध्रुवीय अस्वलाचंच घ्या. समुद्राकडे गेलेलं अस्वल हवं असेल तर ते हेच, शास्त्रज्ञ त्याला सागरी सस्तन प्राण्यांत धरतात. त्याचा तंतुकणिकांमधला डीएनए, जो फक्त आईकडून येतो, तो पाहिला तर त्याची जवळची नातलग निघाली आयर्लंडमधली, आता नामशेष झालेली तपकिरी अस्वलं. हे २०११चं संशोधन. पेशीकेंद्रातला डीएनए मात्र वेगळंच सांगतो, की ही जात तपकिरी अस्वलांपासून तंतुकणिकांच्या हिशेबापेक्षा कितीतरी आधी वेगळी झाली. किती आधी, यावर अंदाज काही लाख वर्षांपासून ४० लाखांपर्यंत विखुरलेले. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबा-खापरपणजोबांची नावं ओळीने सापडतात, पण बायका कुठून आल्या हे त्या वहीवरून लावू गेलं तर सहसा फारसं हाती लागत नाही. तंतुकणिकांची वही नेमकी उलटी: तीत फक्त आज्या. एकाच वहीवरून घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याची फजिती ठरलेली.

गुहा-अस्वल तर कायमचं गेलं असं सगळे धरून चालले होते. युरोपातल्या गुहांमध्ये त्याच्या हाडांचे ढीग सापडतात. १७९४मध्ये रोझेनम्युलर या शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी ते संपलं. २०१८मध्ये कळलं की आजच्या तपकिरी अस्वलांच्या जनुकसंचात ०.९ ते २.४ टक्के वाटा याच गुहा-अस्वलाचा आहे. २०१७मध्ये फ्रँकफर्टच्या संशोधकांनी अस्वलांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ज्या जातींची गाठभेट होणंही अवघड, त्यांच्यातही मधल्या एखाद्या जातीमार्फत देवाणघेवाण झाल्याच्या खुणा दिसल्या. फांद्या वेगळ्या होतात, पुन्हा एकमेकींत मिसळतात, परत वेगळ्या होतात. झाड म्हणून पाठ केलेलं हे बिऱ्हाड प्रत्यक्षात जाळं आहे.

यावर वक्ते म्हणतील, बघा, तुमचाच सिद्धांत डळमळला. उलट आहे. जाती अचल नाहीत, त्यांच्या सीमा पक्क्या नाहीत, हेच तर डार्विनचं मूळ म्हणणं. अस्वलांनी ते त्याच्या चित्रापेक्षाही पुढे नेलं. पण मग आमच्या बाजूनेही ते पोस्टर देवघरातल्या तसबिरीसारखं मिरवणं बंद करावं. डार्विनचा बचाव करायचा तर त्याच्या आकृतीचा कशाला करायचा? त्याने स्वतः भिऊन खोडलेल्या ओळीचा करावा.

खोडण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, आणि १८००हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी २०२३मध्ये त्याविरुद्ध पत्र लिहिलं. ते प्रकरण बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण जो वाणिज्य किंवा कला शाखेला जातो त्याचं काय? आपल्या राज्य मंडळाने २०१८मध्ये आणलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाने होते. शिक्षकांनो, ते प्रकरण ‘परीक्षेला फार येत नाही’ म्हणून घाईत उरकू नका. आणि अभ्यासक्रम बदलताना त्याला हात लागला, तर पहिलं पत्र महाराष्ट्रातून जाऊ द्या.