वासरू कोणाच्या वाट्यातलं?

धर्मांतरावरची आपली चर्चा एकाच हिशेबावर अडकली आहे: किती गेले, किती परत आले. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांबद्दलही हेच बोललं जातं. ‘घरवापसी’वाले असोत की मिशनचे अहवाल, डोकी मोजण्याची हौस दोघांना सारखीच. माणूस ख्रिस्ती मंडळीत राहूनच घसरला तर काय, हे कुणी विचारत नाही.

समजा, एखादा विश्वासी होळीच्या भोंगऱ्या बाजारात मोहाची पिऊन पडला, किंवा पोराचा ताप उतरेना म्हणून बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या भगताकडे, गेला. तो परत आला की पाळक म्हणतात, प्रभूने क्षमा केली. मंडळीचे पंच म्हणतात, सहा महिने मागे बैस, प्रभूभोजन घेऊ नकोस, मग बघू.

‘आधी सिद्ध करून दाखव’ हे म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं; शिस्त नसेल तर बाकीचे बिघडतील, असं त्यामागचं कारण. आधाराला मत्तयाचा अठरावा अध्याय काढतात: न ऐकणाऱ्याला जकातदारासारखा समजावा. पण येशू जेवायला बसायचा तो जकातदारांच्याच पंक्तीला, आणि मत्तय स्वतः जकातदार होता, हे पंचांच्या लक्षात येत नाही. पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात बजावलं, की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडेल. सिद्ध करायला माणूस आत हवा. बाहेर बसवून तो फक्त बाहेर बसणं सिद्ध करतो. तिसऱ्या शतकात छळाला भिऊन श्रद्धा नाकारलेल्यांना परत घ्यायचंच नाही, असं रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला. चर्चने त्याचं ऐकलं नाही. ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्यांशी मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांचं काही गेलेलंच नसतं.

क्षमा आणि परत घेणं या दोन गोष्टी आहेत. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पोराच्या गोष्टीत बापाने क्षमा केली ती पोरगा दूर असतानाच, त्याचं पाठ केलेलं वाक्य संपायच्या आत. पण वाटणी आधीच झाली होती. उरलं ते थोरल्या भावाचं, म्हणजे परतलेल्यासाठी कापलेलं वासरूही थोरल्याच्याच वाट्यातलं. क्षमा बाप एकटा करू शकतो. परत घेण्याचा खर्च घरी राहिलेल्यावर पडतो. म्हणून बाप थोरल्याला हुकूम करत नाही, बाहेर येऊन विनवतो. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

असे थोरले भाऊ हिंदू समाजातही होतेच. 1843 साली मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. प्रायश्चित्ताला शास्त्राचा आधार निघत होता, पण मुलाच्या शेजारी पाट मांडायला माणसं तयार नव्हती.

एक अट मात्र मी सोडणार नाही. नवऱ्याच्या दारूपायी ज्या बायकोने मार खाल्ला, तिच्यावर हे परत घेणं लादता येणार नाही. सहा महिने की वर्ष, हे पंच ठरवतात; तिला कुणी विचारतही नाही.

जातपंचायती दंड घेत, आणि जातीला जेवण घातलं की प्रकरण मिटत असे. 2017 पासून लागू झालेल्या कायद्याने सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरला, हे योग्यच झालं. आमच्या मंडळ्यांनी मात्र जातपंचायतीच्या रीतीतला दंड तेवढा उचलला आणि जेवण सोडून दिलं.