जोड थंड होऊ द्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
*गुरुवारचे चिंतन*



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं, "काका, घरातलं माणूस तुटलं तर पुन्हा जोडायचं कसं? क्षमा करा असं सगळे सांगतात, पण ती करायची कशी?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, कारण तो प्रश्न माझाही होता. आज जमेल तसं सांगतो.

माझी सगळी नोकरी बेळगाव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात झाली. ऊस बारीक केला की तो रबराच्या रुंद पट्ट्यावरून मिलकडे जातो. हा पट्टा नुसत्या रबराचा नसतो. त्याच्या आत मजबूत विणलेल्या कापडाचे थर असतात, आमच्या पट्ट्यात चार होते. लांबीचा धागा पॉलिएस्टरचा, तो ओढ सोसतो. आडवा धागा नायलॉनचा, तो पट्ट्याला लवचिक ठेवतो. बाहेरून दिसतं रबर, पण ओढ पेलतं आतलं कापड. नात्याचंही तसंच आहे. फोन, शुभेच्छा, येणं-जाणं हे वरचं रबर. ओढ पेलतो तो आतला विश्वास.

ऐन हंगामात एका रात्री तो पट्टा तुटला. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. ऊस वाळला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून सगळ्यांना घाई. आम्ही दोन्ही टोकं लोखंडी क्लिपांनी टाचली आणि पट्टा सुरू केला. दोनच दिवसांत क्लिपा कापड फाडून बाहेर आल्या. मग जोडकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी काय केलं ते नीट ऐका.

आधी त्यांनी फाटलेला, कुजलेला भाग पूर्ण कापून काढला. "साहेब, कुजक्या कापडाला काही चिकटत नाही," म्हणाले. मग दोन्ही टोकांचे थर सोलून त्यांच्या पायऱ्या पाडल्या. चार थरांना तीन पायऱ्या. या टोकाची पायरी त्या टोकाच्या पायरीवर बरोबर बसली पाहिजे. सोलताना त्यांचं सगळं लक्ष सुरीच्या टोकावर. वरचा थर कापताना खालच्या थराला ओरखडा गेला, तर पट्टा पुढे तिथूनच फाटतो. मग घासून धूळ काढली, सोल्युशन लावलं आणि ते वाळायची वाट बघत बसले. मी हात लावायला गेलो तर ओरडले, "घाम लागेल!" त्यानंतर मध्ये कच्चं रबर घालून टोकं जुळवली आणि प्रेसमध्ये दाबून साधारण 145 अंशांपर्यंत तापवली. त्या उष्णतेत गंधक रबराच्या साखळ्या एकमेकींत बांधतं. 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना सापडलेली हीच ती क्रिया.

वेळ पूर्ण झाली तसे आमचे वरिष्ठ म्हणाले, "झालं ना? काढा प्रेस." मिस्त्री जागचे हलले नाहीत. "गरम असताना दाब सोडला तर आत फुगे धरतात. थंड होऊ द्या."

आता माझी गोष्ट. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून मी आणि बडोद्याला असलेला माझा धाकटा भाऊ चार वर्षं बोललो नव्हतो. मी इथे बसून तुम्हाला चिंतन सांगत होतो आणि सख्ख्या भावाचा फोन उचलत नव्हतो. एकदा मीच मेसेज टाकला, 'झालं गेलं विसरू या.' तो गणपतीला आला. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या पानावर पुन्हा भांडण. तो मेसेज म्हणजे माझी लोखंडी क्लिप होती. आतलं काहीच न सोलता मी टोकं टाचली होती.

पुढे एका पहाटे नामाला बसलो असताना मिस्त्री आठवले. दुसऱ्याचं टोक आपल्या हातात नसतं, पण आपल्या पायऱ्या आपण पाडू शकतो. मी फोन केला. वाटणीचा विषयच काढला नाही. म्हणालो, "चार पाहुण्यांसमोर मी तुला विचारलं होतं, आईच्या आजारपणात तू होतास कुठे. तू रात्र-रात्र दवाखान्यात बसला होतास, हे मला माहीत होतं. तरी बोललो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, मीही तुला न विचारता कागदांवर सही केली." त्याच्याही पायऱ्या पडायला लागल्या.

बायकोमुलांना, आईच्या आठवणींना आम्ही त्यात ओढलं नाही. खालच्या थराला सुरी लागू दिली नाही. पुढची दिवाळी अवघडच गेली. मनात सारखं यायचं की आता तरी त्याला विचारावं, "पटलं ना तुला?" विचारलं नाही. जोड अजून गरम होता.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी जाताना सांगितली होती. चार थरांच्या जोडात कुठेही बघा, एक थर तुटलेलाच असतो. ओढ पेलतात तीनच. म्हणून जोडाची ताकद अखंड पट्ट्याएवढी धरू नये. आम्ही भाऊ आता दर रविवारी बोलतो. घराचा विषय अजून काढत नाही. तीन थर आहेत, तेवढ्यावर पट्टा चाललाय. सद्गुरूंची कृपा.

ताई, एक मात्र नीट लक्षात ठेवा. जिथे मारझोड आहे, फसवणूक अजून चालूच आहे, तिथे गप्प राहून सोसणं म्हणजे जोडणं नव्हे. कुजकं आधी कापावं लागतं. त्यासाठी चार माणसांची मदत घ्यावी, लाजू नये.

*या आठवड्याची साधना :* रोज नामाला बसण्याआधी एका दुरावलेल्या माणसाला आठवा. त्याची चूक बाजूला ठेवा आणि आपली एक चूक वहीत लिहा. लगेच फोन करू नका. सोल्युशन वाळू द्या.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏