लाईनवर कोण आहे?

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटातल्या पहरंप गावातून आर्ट बेल रात्रभर रेडिओवर बोलायचा. आलेले फोन आधी चाळून न घेता थेट हवेत सोडायची त्याची रीत. सप्टेंबर १९९७ मध्ये त्याने ‘एरिया ५१’ या गुप्त लष्करी तळावर काम केलेल्यांसाठी खास लाईन उघडली आणि तिच्यावर एक माणूस रडकुंडीला येऊन बोलू लागला. नुकतंच तिथून काढलंय, देशभर पळतोय, फार वेळ बोललो तर ‘ते’ ठिकाणा काढतील. एवढ्यात प्रसारणच बंद पडलं, ते साधारण अर्धा तास. उपग्रहाचा पृथ्वीवरचा नेम सुटला, असं कारण नंतर सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी एकाने फोन करून ‘तो मीच, आणि ते नाटक होतं’ असं सांगितलं. आता हा दुसरा तरी खरा कशावरून?

नाटक असो वा नसो, ती भीती जुन्या जमान्यातली होती. ‘त्याला बोलत ठेवा, तोवर पत्ता काढतो’ हा सिनेमातला प्रसंग यांत्रिक एक्स्चेंजच्या काळात अगदी खरा होता. जोडणी चालू असेपर्यंतच कर्मचारी एका स्विचवरून मागच्या स्विचकडे असं करत मुळाशी पोचायचा. रिसीव्हर ठेवला की माग संपला. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्ये घंटी वाजायच्या आतच नंबर पोचलेला असतो, मग बोला तीन सेकंद नाहीतर तीस मिनिटं. अमेरिकेतल्या टोल-फ्री लाईनवर नंबर लपवण्याचा कोड दाबूनही उपयोग नसतो. ज्याच्या खिशातून बिल जातं, त्याला फोन कुठून आला हे कळतंच.

आपल्याकडे सामान्य ग्राहकाला नंबर लपवायची सोय सहसा मिळतच नाही, आणि कॉलच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. पण आपल्याला त्याची फिकीर कधी वाटली? रेडिओचा श्रोता आपल्याकडे घडला तो फर्माइशीवर. स्वतःचं नाव, घरच्यांची नावं, वर गावाचं नाव, आणि ती निवेदकाच्या तोंडून ऐकण्यातच निम्मा आनंद. झुमरी तलैयासारखं छोटं गाव देशभर माहीत झालं ते त्या हौसेपायी. पत्रांच्या जागी फोन आला तरी व्यवस्था फर्माइशीचीच राहिली, आणि रात्री अकरानंतर तिच्यावरच माणसं नवऱ्याचा मार, फसलेलं प्रेम, कर्ज सांगू लागली.

‘नाव बदलू या, तुला स्वाती म्हणते,’ आरजे मायेने म्हणते. काचेपलीकडच्या स्क्रीनवर मात्र लाईन क्रमांक, नंबर, खरं नाव, गाव आणि विषय एका ओळीत असतात. व्हॉट्सॲपवर निरोप आला तर सोबत फोटोही. बदललेलं नाव श्रोत्यांनाही फसवत नाही. जावेला आवाज ओळखायला यंत्र लागत नाही. बोलीतला हेल आणि मागे कुकरची शिट्टी पुरते.

फोन चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात लगाम घातला, पण तो सरकारला. स्टेशनने काय करायचं, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात फार महागात पडला. डिसेंबर २०१२ मध्ये सिडनीच्या टूडे एफएमच्या दोन निवेदकांनी ब्रिटनची राणी आणि राजपुत्र असल्याची बतावणी करत लंडनच्या रुग्णालयात फोन लावला. तो वॉर्डात जोडून देणारी परिचारिका मूळची कर्नाटकच्या किनारपट्टीची. तिची संमती नसताना संभाषण वाजवलं गेलं; तीन दिवसांनी तिने जीव दिला. स्टेशनने कायदा मोडला का हे ठरवायचा अधिकार प्रसारण नियामकाला आहे, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला २०१५ उजाडलं.

आपल्या स्टेशनांनी निदान एवढं हवेत जाहीर करावं: नंबर किती दिवस ठेवता, कोण पाहतो, पोलिसांनी मागितला तर कोणता कागद बघून देता, आणि फोन करणारी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलू लागली तर तो नंबर तिला न विचारता देणार का. शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘द्यावा’ असं आहे. पण हे तिला फोन लावण्याआधी माहीत असायला हवं.