फळ कोणाचे?

निष्काम कर्माविषयी बोलताना आपण सहज म्हणून जातो, की कर्म करावे आणि फळाची चिंता सोडावी. पण जरा थांबून विचार करा. इंजिनिअरिंगचे काही विद्यार्थी एका आजारी मुलासाठी उपकरण बनवत आहेत. ते चालो वा न चालो, आपली सेवा झाली, असे त्यांनी म्हणावे का?

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा दुर्मिळ आनुवंशिक आजार घ्या. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. स्नायू क्षीण होत जातात आणि साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअर लागते. खांदे आणि दंड आधी दुबळे होतात, बोटांत मात्र बराच काळ शक्ती राहते. म्हणजे चमचा धरता येतो, पण तोंडापर्यंत नेता येत नाही. ताट समोर आणि भरवायला आई! यावर एक साधा उपाय आहे: व्हीलचेअरला जोडलेला, हाताचे वजन रबर बँडच्या ताणाने तोलून धरणारा आधार. वजन तोलले गेले की उरलेली थोडीशी शक्तीही हात उचलायला पुरते. मोटर नाही, बॅटरी नाही. भाग थ्री-डी प्रिंटरवर बनवता येतात.

मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे माझे लक्ष आधी खर्चाकडे जाते. दुर्मिळ आजारात गिऱ्हाईकच थोडे. मोठ्या संख्येने माल काढून किंमत उतरवण्याची सोय नाही. ती जागा विद्यार्थ्यांचे श्रम भरून काढतात. पण 'स्वस्त' या शब्दात एक खर्च लपलेला असतो. मूल वाढते, आजारही वाढतो. माप बदलते, रबर बँडचा ताण बदलावा लागतो. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या बंद गाडीत वाकडेही होईल. तोवर प्रोजेक्टचे मार्क मिळालेले असतात. मग दुरुस्तीला कोण येणार?

मला वाटते, सोडायचे ते आपल्या वाट्याचे फळ: फोटो, प्रमाणपत्र, 'आम्ही बनवले' हे सुख. मुलाच्या वाट्याचे फळ सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याची तर चिंता करायचीच, अगदी स्क्रू-स्क्रूपर्यंत. आणि तो मुलगाच म्हणाला, "हे टोचतंय, नको मला," तर? महिनाभराची मेहनत बाजूला ठेवून, मन खट्टू न होऊ देता, पुन्हा टेप घेऊन त्याच्या शेजारी बसणे सोपे नाही. ध्यानाला बसण्यापेक्षा कठीण आहे, असे म्हटले तर ज्येष्ठ साधकांनी रागावू नये.

आपल्या सत्संगात असा कोणी विद्यार्थी येत असेल, तर त्याचे कौतुक जरूर करा. मग हळूच विचारा: मागच्या वर्षी बनवलेले उपकरण आज वापरात आहे का?