खाचेतला नाद आणि शब्दाचे नित्यत्व

शब्द नित्य की अनित्य, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. 'ग' हा वर्ण सकाळी ऐकला आणि संध्याकाळी पुन्हा ऐकला, तर ऐकणारा 'हा तोच ग' असे ओळखतो. या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि तिच्या आधारे मीमांसक सांगतात की वर्ण नित्य असून उच्चाराने तो उत्पन्न होत नाही, केवळ प्रकट होतो. नैयायिकांच्या मते जे केले जाते ते घड्याप्रमाणे नाशवंतच असते, आणि क्षणोक्षणी नवी होणारी दिव्याची ज्योत सारखेपणामुळे एकच भासावी, तशी 'तोच' ही जाणीव आहे. वाद झाला तो वेदांच्या प्रामाण्यावरून. परंतु गाण्याची तबकडी कशी सिद्ध होते हे पाहिले, की त्यातील एक सहसा दुर्लक्षित भेद ठळकपणे समोर येतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे लाखेसारख्या मऊ द्रव्याचा, थर दिलेला असतो. तापवलेली सुई त्यात खाच कोरत कडेकडून मध्याकडे सरकते आणि केसासारखी बारीक निघणारी कात्रण नळीने ओढून घेतली जाते. एका बाजूवर 22 मिनिटांचे गाणे असेल, तर ही खाच उलगडल्यास जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब भरेल. खर्जाचे स्वर खाचेला रुंद हेलकावे देऊन जागा खातात, म्हणून ते कमी करून कोरले जातात आणि वाजवताना पुन्हा वाढवले जातात. मिनिटाला 33⅓ फेरे हा वेग कायम असला, तरी कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच जाते, मध्याजवळ मात्र जेमतेम 21. आणि तिथे, व्याकरण ज्यांना ऊष्म म्हणते ते श, ष, स हे वर्ण फाटू लागतात. म्हणून बाजूच्या शेवटी शक्यतो शांत गाणे ठेवतात, आणि हा क्रम कोरण्यापूर्वीच ठरवावा लागतो.

कोरलेल्या चकतीवर चांदीचा पातळ थर चढवून त्यावर निकेल जमवले जाते. ते सोलून काढले की खाचेच्या जागी उंचवटा असलेली उलटी प्रत मिळते आणि मूळ चकती बहुधा निकामी होते. या धातूच्या प्रतींच्या पिढ्यांना व्यवसायात पिता आणि माता अशीच नावे आहेत. मातेपासून साचा निघतो आणि साच्यात प्लॅस्टिकच्या तबकड्या दाबल्या जातात. या साखळीत ध्वनी कुठेही साठवलेला नाही. खाच हा संस्कार आहे, आणि तोही न्यायदर्शनात स्मृतीबाबत सांगितला आहे त्या अर्थाच्या जवळचा: अनुभवाने मागे ठेवलेला आणि निमित्त मिळताच कार्य घडवणारा ठसा. सुई टेकते तेव्हा ध्वनी नव्याने उत्पन्न होतो. इथपर्यंत नैयायिकांचेच म्हणणे खरे ठरते.

मात्र मीमांसकांनी केलेला एक भेद इथे अधिक मोलाचा आहे. एकाच वेळी अनेकांनी उच्चारल्यास शब्द मोठा ऐकू येतो, यावर मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी याचे उत्तर असे की ती वाढ नादाची, म्हणजे शब्द प्रकट करणाऱ्या ध्वनीची आहे, शब्दाची नव्हे. म्हणजे लहान-मोठेपणा आणि त्याच न्यायाने गती, कंप व कंठाची जात हे सारे नादाकडे जाते, आणि नाद अनित्य म्हणून बाजूला पडतो. गाण्यात मात्र जीव असतो तो नेमका याच बाजूला टाकलेल्या भागात. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मेणावर मुद्रित झाले आणि तबकड्या बनवण्यासाठी ते मेण जर्मनीतील हॅनोव्हरला गेले. गाणे संपताच त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले आहे. बंदिशीचे शब्द वहीत उतरवून पाठवता आले असते, नावही कागदावर लिहिता आले असते. समुद्र ओलांडून जाण्यासाठी मेण ज्याला हवे होते, तो त्यांचा नाद होता.

आजही मोठी संख्या छापण्यापूर्वी चाचणीच्या मोजक्या तबकड्या काढून गायकाकडे पाठवल्या जातात. शेवटच्या कडव्यातला 'स' फाटला असेल, तरी तो 'स' म्हणून बिनचूक ओळखू येतो. मीमांसकाच्या वर्णाला ओरखडाही उठलेला नसतो. तरीही ती तबकडी नाकारली जाते आणि नव्या चकतीवर पुन्हा सुई टेकवली जाते.