यजमान कोठे आहे?

गेल्या प्रजासत्ताकदिनी मालवण किनाऱ्यावरील एका गावी कीर्तनास गेलो होतो. सकाळी तेथे ग्रामसभा होती. कायद्याने १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या शेकडा १५, यांतील कमी तेवढे तरी हजर हवेत, आले तीसएक. बाकीचे रापणीवर. सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरली म्हणजे संख्येचे बंधन नाही. मोजक्यांचा ठराव चालतो. रात्री मंडप मात्र अपुरा पडला! (त्यात माझी थोरवी नव्हे.) सभेस का नव्हता, विचारले, तर एक म्हातारबाबा म्हणाले, "बुवा, आमका कोण इचारता?"

वास्तविक विचारणारी सभा ती हीच. १९५८ च्या अधिनियमात ती होतीच. ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेतही स्थान मिळाले. मोजक्यांचा ठराव कायदेशीर खरा, पण तो गावाचा झाला काय? मीमांसक सांगतात, आहुती ऋत्विज टाकतो. 'न मम' हा त्याग मात्र यजमानानेच करावयाचा. सरपंच ऋत्विज, यजमान आपण. आता रापण सोडून पोट कसे भरावे, हाही प्रश्न खोटा नव्हे. मग भरती-ओहोटी पाहून सभेची वेळ का ठरू नये? मंडपातच मी हे विचारले. सरपंचांनी मान डोलावली. रापणकरांनी खाली घातली.