यूसुफ (अ.) यांचे कोठार आणि आमची उशिरा येणारी जाग

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला महापूर आला आणि काठावरचे मोवाड गाव उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. नागपूर जिल्ह्यातील हे गाव आमच्या कारंजा (घाडगे)पासून फार दूर नाही. पावसाळा लागला की वडीलधारी मंडळी आजही त्या दिवसाची आठवण काढतात. पुरानंतर मदतीचा ओघ आला, गावाचे पुनर्वसनही झाले. पण त्यासाठी आधी गाव बुडावे लागले.

ही केवळ एका गावाची कहाणी नाही. किल्लारी परिसराला १९९२ मध्ये भूकंपाचे धक्के जाणवले होते, तरी दगडमातीच्या जाड भिंतींचा प्रश्न ऐरणीवर आला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे त्याच भिंतींखाली गाडली गेल्यानंतर. देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ मध्ये झाला, २००४ च्या त्सुनामीनंतर. २०१४ मध्ये माळीण डोंगराखाली गेले. नऊ वर्षांनी इरशाळवाडीवरही तीच वेळ आली.

असे का घडते? आमच्या अंतःकरणात दया नाही, असे म्हणता येणार नाही. संकट कोसळताच हिंदू-मुस्लिम सारेच धावून जातात. परंतु बुडालेल्याला चेहरा असतो, त्याचा आक्रोश ऐकू येतो. जो आधीच्या दक्षतेमुळे वाचतो, त्याला आपण वाचलो हेदेखील ठाऊक नसते. म्हणून मदत करणाऱ्याचे आभार मानले जातात. वेळीच बांध दुरुस्त करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पवित्र कुरआनातील सूरह यूसुफ या दृष्टीने पुन्हा वाचावी. ह. यूसुफ (अ.) यांनी दुष्काळ पडल्यावर अन्नछत्र उघडले नाही. सुकाळाच्या सात वर्षांतच त्यांनी खाण्यापुरते थोडे धान्य काढून घेऊन उरलेले कणसांतच राखून ठेवण्यास सांगितले. शेते पिकलेली असताना हात आखडता घेणे लोकांना किती जड गेले असेल, याची कल्पना शेतकरी वाचकांना सहज येईल. पुढे त्याच कोठाराने लोकांना जगविले.

काही बांधव म्हणतील, जे तकदीरमध्ये आहे ते टळत नाही. ह. उमर (रजि.) यांच्यापुढे हाच प्रश्न आला होता. शामच्या वाटेवर असताना तिकडे साथ पसरल्याचे कळताच ते लोकांना घेऊन परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे विचारले असता, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सावधगिरी तवक्कुलच्या विरोधात नाही. निष्काळजीपणाला तकदीरचे नाव देणे मात्र स्वतःचा दोष अल्लाहवर ढकलण्यासारखे आहे.

यात मी केवळ शासनाला दोष देत नाही. पूरग्रस्तांसाठी जुम्याच्या नमाजनंतर झोळी फिरविण्याचे आवाहन मी अनेकदा केले आहे. परंतु उन्हाळ्यात, मोहल्ल्यातील नाला कचऱ्याने तुंबलेला असताना, त्यावर एकही खुतबा दिल्याचे मला स्मरत नाही. अमानत केवळ पैशाची नसते. शेजाऱ्याचा जीवही आपल्याकडे अमानत आहे.

वस्तुतः मोमिनला ही गोष्ट अवघड वाटू नये. ज्या दिवसाची वेळ कोणालाच ठाऊक नाही, त्या दिवसाची तयारी आजच करावी, हीच तर आमच्या दीनची शिकवण आहे. न पाहिलेल्या आखिरतसाठी पाच वेळा उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोरच्या नाल्याकडे, भेगाळलेल्या भिंतीकडे आणि खचणाऱ्या डोंगराकडे पाठ कशी फिरवू शकतो?

अल्लाह आम्हा सर्वांना सुकाळातच जागे होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.